मूळव्याध नव्हती ती

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ४२. गेल्या दीड वर्षात अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या आजाराने माझे बरेच दिवस, पैसे आणि झोप नेली. सुरुवातीला मराठीत काही वाचायला मिळतं का म्हणून रात्री मोबाईलवर शोधायचो, तर एक तर 'रामबाण उपाय' सापडायचे, नाहीतर कॅन्सरची भीती. म्हणून जे झालं ते तारीखवार लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं आणि डोस माझे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

आधी दम्याचं सांगतो, पुढे त्याचा संबंध येतो. मार्च २०२३ मध्ये तासगावला मेव्हण्याच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो होतो. गंधकाची धुरी चालू होती. तिथं छाती अशी आवळली की दोन वाक्यं सलग बोलता येईना. त्याआधी दोन-तीन वर्षं सीझनला खोकला यायचाच. हळदीला पॉलिश करणारी ड्रम फिरायला लागली की सगळं यार्ड पिवळं होतं, तिथं कोण खोकत नाही, असं म्हणून सोडून द्यायचो. मिरजेत छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची तपासणी केली, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोरची ताई लग्नातल्या बँडमास्तरसारखी ओरडतेय, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" सहा सेकंद. पहिल्या सेकंदात २.०५ लिटर हवा बाहेर पडली. मग दम्याच्या पंपाचे (इनहेलरचे) चार पफ, पंधरा मिनिटं बाकड्यावर, परत फुंका. २.४२ लिटर. औषधानंतर निदान १२ टक्के आणि २०० मिली वाढ झाली तर नळ्या उघडतायत, म्हणजे दम्याच्या बाजूने पुरावा. खर्च ८०० रुपये. या तपासणीला जाताना पंप आधी किती तास घ्यायचा नाही ते फोन करून विचारा. मी सकाळी घेऊन गेलो आणि एक हेलपाटा फुकट गेला.

त्याच महिन्यात सिगरेट सोडली. चौदा वर्षांची सवय. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१७ ऑक्टोबर २०२४, कोजागिरीची दुसरी सकाळ. शौचाला रक्त. आटवलेल्या दुधावर खापर फोडलं. आठ दिवसांत रोज पाच-सहा वेळा जावं लागायला लागलं, आणि जावं लागायचं म्हणजे तातडीनं. लिलाव चालू असताना वही टाकून पळायचो. हमाल हसायचे, "दिवाणजी, आज कुणाचा फोन?" मी पण हसायचो. रक्त म्हणजे मूळव्याध, हे आपल्याकडे ठरलेलंच. मीही एका मूळव्याधीच्या दवाखान्यात गेलो. नाव घेत नाही. तिथं तपासलं नाही, तीन प्रश्न विचारले, चूर्ण आणि मलम दिलं आणि केसपेपरवर काहीतरी खरडलं. औषध घेतलं, ४,२०० रुपये गेले. दिवाळीच्या फराळातली एक चकली खाल्ली नाही. वजन पाच किलो उतरलं. आई म्हणाली, "तोंड बघ आरशात, हळदीसारखं झालंय." यार्डात राहून हळदीसारखं व्हायला मला हरकत नव्हती, पण ती फिकट पडलेल्या चेहऱ्याबद्दल बोलत होती.

१२ नोव्हेंबरला घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "रात्री झोपेतून उठून जावं लागतं का?" लागत होतं. मग म्हणाले, "मूळव्याध माणसाला रात्री दोनदा उठवत नाही." शौचाची तपासणी तीन वेगवेगळ्या दिवशी, अमीबा आणि जंतूंसाठी. हे टाळू नका. अमीबाची आव असताना ती न ओळखता स्टिरॉइड दिलं तर जिवावर बेतू शकतं. रक्तात हिमोग्लोबिन ९.८. आणि एक नवीन नाव, कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज आली की पांढऱ्या पेशी तिथं जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. साधारण ५० च्या आत असावं. नमुना बाहेरगावी जातो, २,६०० रुपये, चार-पाच दिवस. त्याआधीचे काही दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील तर सांगा, त्यांनीही आकडा वाढतो.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. रांगेतून दोनदा बाहेर पडून शाळेमागे पळालो, तिसऱ्यांदा मात्र मत देऊनच. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: १,१४०.

पोटाच्या तज्ज्ञांची मिरजेतली तारीख २ डिसेंबरची मिळाली. अकरा दिवस. या अकरा दिवसांत मी माझं मृत्युपत्र मनात तीनदा लिहिलं. बायकोला सांगितलं नव्हतं, तिनं मी मोबाईलवर काय काय शोधलं ते बघितलं आणि रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाली, "अहो, एकटे वाचू नका. मोठ्यानं वाचा." तेव्हापासून प्रत्येक रिपोर्ट आम्ही मोठ्यानं वाचतो.

कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं बघणं, ९ डिसेंबरला, सोमवारी. लोक नळीला घाबरतात. नळीचं काही आठवतसुद्धा नाही, भूल असते. घाबरायचं तर आदल्या रात्रीला. आतडं साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची. अर्धी रात्री, अर्धी पहाटे. चव म्हणजे मीठ घातलेलं, कोमट झालेलं सरबत. मी पहिला ग्लास एका दमात प्यायलो आणि ओकायच्या बेतात आलो. मग बायकोनं तो जग माठाशेजारी गार करत ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी अर्धा पेला, वर लिंबाची फोड चोखायची, असं लावून दिलं. ते जमलं. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, बिनदुधाचा चहा चालतो; लाल रंगाचं सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. बादली, मऊ पंचा आणि खोबरेल तेल संडासाजवळ ठेवा. कशासाठी ते रात्री अकरानंतर कळेल.

दमा असेल तर अजून एक. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगा आणि पंप खिशात न्या. मला आत नेण्याआधी दोन पफ घ्यायला लावले. बायोप्सी (आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासणं) आणि भूल धरून ८,७०० रुपये.

निदान: अल्सरेटिव्ह कोलायटिस. गुदाशयापासून सुरू होऊन डाव्या बाजूनं वर सलग सूज, बारीक व्रण, त्यापुढे आतडं चांगलं. सलग असणं ही याची खूण. याचा चुलतभाऊ क्रोन्स, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, मध्ये मध्ये जागा सोडून बसतो, आणि आपल्या देशात त्याची गाठ आतड्याच्या टीबीशी पडते. दोन्ही सारखेच दिसतात. माझं चित्र तसं नव्हतं, तरी तुकडे टीबीसाठीही तपासले. १६ डिसेंबरला बायोप्सी आली, टीबी नाही, कॅन्सर नाही. शब्द वाचून नीट श्वास घेतला.

डॉक्टरांना विचारलं, हे मलाच का? ते म्हणाले, नक्की एक कारण सांगता येत नाही. थोडी आनुवंशिकता, थोडे आतड्यातले जंतू, थोडी परिस्थिती. मग फाईल चाळत म्हणाले, "सिगरेट कधी सोडली?" सिगरेट सोडलेल्यांत हा आजार जास्त दिसतो, ही जुनी नोंद आहे म्हणे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बोट वर केलं, "परत सुरू करायचा विचारही नको, तुमच्या फुप्फुसांकडे बघा." यार्डातल्या एका मित्रानं मात्र अजूनही हा मुद्दा सोडलेला नाही. रोज चहाला एक सिगरेट पुढे करतो, औषध म्हणून.

दमा आणि हे एकच का, हेही विचारलं. एक नाही. पण नात्यातले. गर्भात फुप्फुसाची नळी आतड्याच्याच वरच्या भागातून फुटून निघते. दोन्हीकडे आतली ओलसर त्वचा बाहेरच्या जगाला रोज तोंड देते, एकीकडे हवा, एकीकडे अन्न. मी ते असं समजून घेतलं: शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे यार्डाच्या गेटवरचा वॉचमन. आलेल्या प्रत्येक गाडीवर काठी आपटायची नसते, ओळखीच्या गाड्या सोडायच्या असतात. त्याचं खरं काम निम्मं सोडण्याचंच. माझा छातीतला वॉचमन धूळ दिसली की शिट्टी फुंकतो. पोटातला वॉचमन आपल्याच हमालांना मारतो. दोघांच्या हाताखालची माणसंही वेगळी. दम्यात बहुतेकदा इओसिनोफिल नावाच्या पेशी पुढे असतात, कोलायटिसमध्ये न्यूट्रोफिल. त्यामुळे 'सगळे आजार म्हणजे सूज, सूज उतरवा, सगळं बरं' असले फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना मी आता हात जोडतो.

हळदीचंही सांगून टाकतो, कारण आमच्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात पाच किलो राजापुरी घरी पाठवली. "अख्खा देश आपल्याकडची हळद नेतो आणि दिवाणजी गोळ्या खातोय?" सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा त्यांना भारी अभिमान. डॉक्टरांनी हसून सांगितलं की हळदीतल्या कर्क्युमिनवर या आजारात अभ्यास झालेत, पण ते शुद्ध केलेलं, मोठ्या मात्रेत आणि नेहमीच्या औषधाच्या जोडीला. दुधात चमचाभर म्हणजे ते नव्हे. दूध पचत असेल तर प्या, औषध सोडू नका. मालकांना मी पहिलाच भाग सांगितला.

औषध मेसालामाइन, १.२ ग्रॅमच्या दोन गोळ्या, आणि रात्री त्याचाच एनिमा (गुदद्वारातून सोडायचं पातळ औषध), डाव्या कुशीवर पडून. गोळी चावायची नाही, तोडायची नाही. तिचं कवच मोठ्या आतड्यात जाऊनच उघडतं. हे औषध ॲस्पिरिनच्या घराण्यातलं आहे, म्हणून आधी विचारलं, ॲस्पिरिन किंवा ब्रुफेननं तुमचा दमा उठतो का? माझा उठत नाही. दमेकऱ्यांनी हा प्रश्न कुणी विचारायची वाट बघू नये. महिन्याला २,४०० रुपये गोळ्यांचे, एनिमा वेगळे, आणि मधूनमधून किडनीसाठी क्रिएटिनिन.

जानेवारीत पूर्ण उतार पडेना म्हणून बुडेसोनाइड या स्टिरॉइडच्या गोळ्या जोडल्या. मेडिकलवाल्या पोरानं डबी फिरवून वाचली, "काका, हे तर तुमच्या पंपातलंच की!" खरंच तेच. पंपातून ते श्वासनलिकेत पडतं, गोळीतून आतड्यात सुटतं, आणि रक्तात गेलेलं बरंचसं यकृत मोडून टाकतं, त्यामुळे बाकी अंगाला झळ कमी. इतके दिवस दोन डॉक्टरांच्या दोन फायली मी दोन पिशव्यांत ठेवत होतो. त्या दिवशी घरी येऊन शंभर पानी वही घेतली आणि दोन्हीकडची औषधं एकाच पानावर लिहिली.

वही केली, पण डोकं वापरलं नाही. जानेवारीअखेर डावा गुडघा आणि घोटा सुजला. सीझनची उभ्यानं कामं, त्याचंच असेल म्हणून डायक्लोफिनॅक आणून चार दिवस खाल्लं. आता माहीत आहे की या आजारात सांधे सुजतात, आणि हीच गोळी आतड्याचा भडका उडवू शकते. तेव्हा माहीत नव्हतं. ११ फेब्रुवारीला दिवसात चौदा वेळा, ताप, नाडी ११०. ॲडमिट.

पाच रात्री. सहा सहा तासांनी शिरेतून हायड्रोकॉर्टिझोन, तेही स्टिरॉइडच. पायाशी एक कागद टांगलेला, त्यावर दर वेळेची वेळ आणि रक्त होतं की नाही हे लिहायचं. नर्सनं पोटात बारीक सुईचं इंजेक्शन आणलं, रक्त पातळ ठेवायचं. बायको उठून उभीच राहिली, "अहो सिस्टर, रक्त जातंय त्यांचं, आणि पातळ कसलं करताय?" या आजाराच्या भडक्यात पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका असतो, म्हणून देतात. राऊंडला डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. तिसरा दिवस महत्त्वाचा, तोवर उतार नाही तर पुढची मोठी औषधं किंवा सर्जन, हेही तेव्हाच सांगितलं. तिसऱ्या दिवशी कागदावर पाच ओळी होत्या. बायकोनं त्या मोठ्यानं वाचल्या.

१६ फेब्रुवारीला रविवारी घरी. रविवार असल्यामुळे तपशीलवार शिक्क्याचं बिल मिळालं नाही, सोमवारी परत मिरज. शक्यतो रविवारी डिस्चार्ज घेऊ नका.

विमा. पॉलिसी जून २०२३ ची, दमा लिहून घेतलेला, त्याला तीन वर्षं थांबा. हॉस्पिटल कॅशलेसमध्ये नव्हतं, आधी पैसे भरून मग मागायचे. बिल ५८,६४०. २४ फेब्रुवारीला फाईल दिली: डिस्चार्ज कार्ड, इनडोअर केसपेपरच्या प्रती, प्रत्येक मेडिकल बिलामागे त्याची चिठ्ठी, रद्द केलेला चेक, आधार, पॅन. दिवाणजी असल्यामुळे मी उत्साहात सगळंच जोडलं, त्या मूळव्याधीच्या दवाखान्याचा केसपेपरसुद्धा. १२ मार्चला पत्र आलं: आजार पॉलिसीआधीचा दिसतो, खुलासा करा. का, तर त्या कागदावर खरडलेलं होतं, 'दोन वर्षांपासून त्रास'. मी सांगितलं होतं दोन आठवडे. ऑक्टोबर २०२४ मधून दोन वर्षं वजा केली की पॉलिसीच्या आधी जातो. दवाखान्यानं दुरुस्तीचं पत्र द्यायला नकार दिला.

शेवटी तीन कागदांनी काम झालं: पोटाच्या डॉक्टरांचं लक्षणं कधी सुरू झाली त्याचं तारखेसह प्रमाणपत्र, घरच्या डॉक्टरांकडची २०२३ ची नोंद ज्यात पोटाची तक्रार नाही, आणि माझा एका पानाचा तारीखवार खुलासा. पंधरा दिवसांची मुदत होती. मेलवर पाठवलं आणि स्पीड पोस्टनंही, पावती वहीत चिकटवली. २२ मे रोजी ४७,९१५ जमा झाले. हातमोजे, नोंदणी फी वगैरे कापलं. माझ्या पॉलिसीत ॲडमिट होण्याआधीच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो, माझी कोलोनोस्कोपी ६४ दिवस आधीची. चार दिवसांनी ८,७०० हुकले. कोणताही दवाखाना असो, केसपेपर हातात आला की तिथंच उभं राहून वाचा.

घरी स्टिरॉइडच्या गोळ्या, ४० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला ५ कमी. अचानक बंद करायच्या नाहीत, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर झोपलेलं असतं. सोबत कॅल्शियम आणि साखरेची तपासणी. भूक अशी की रात्री दोनला स्वयंपाकघरात अंधारात उभा राहून मी भडंगाचा डबा संपवला. तिखट, शेंगदाणे, सगळं. सकाळी आईनं रिकामा डबा नुसता माझ्यापुढे ठेवला. चेहरा गोल झाला, झोप गेली, पोरावर विनाकारण ओरडलो. तो म्हणाला, "पप्पा, हे गोळ्या बोलतायत ना?" त्याला तसंच सांगून ठेवलं होतं, बरं झालं.

आणि श्वास मात्र मोकळा. कित्येक वर्षांत इतका मोकळा नव्हता, दुकानाचा जिना दोन दोन पायऱ्या चढत होतो. म्हणून पंप ठेवून दिला कपाटात. ३० मार्चला पाडवा, त्याच दिवशी गोळी १० वर आली. कडुलिंब-गूळ खाल्ला, गुढी उभी केली, आणि त्या आठवड्यात यार्डात नव्या मालाच्या राशी ओतल्या जात असताना छाती परत वाजायला लागली. पोटासाठीच्या गोळीनं छातीही सांभाळली होती, ती कमी झाली आणि खाली कुणीच नव्हतं. छातीचे डॉक्टर रागावले. मी पोटाच्या ॲडमिशनबद्दल त्यांना काही कळवलंच नव्हतं, त्यांनी वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पंप बंद करायचा नाही'. पंप घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका, नाहीतर तोंड येतं.

एप्रिलमध्ये ॲझाथायोप्रिन सुरू झालं, वॉचमनला जरा शांत करणारं. त्याआधी टीबी, कावीळ बी आणि एक जनुकाची तपासणी. आशियाई लोकांत एका जनुकातल्या फरकामुळे या औषधानं पांढऱ्या पेशी अचानक कोसळू शकतात. महिनाभर दर आठवड्याला रक्त, २८० रुपये, आता तीन महिन्यांनी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घेतल्या, दोन्ही डॉक्टरांनी न ठरवता तेच सांगितलं. जिवंत जंतूंच्या लशी मात्र आता विचारल्याशिवाय नाहीत.

ऑगस्टमध्ये कॅलप्रोटेक्टिन ७४. ८ डिसेंबर २०२५ ला अर्ध्या आतड्यापर्यंतची दुर्बीण. या वेळी दोन लिटरचा जग नाही, सकाळी फक्त एनिमा. व्रण भरलेत. दुकानात माझं टेबल पॉलिशच्या बाजूचं काढून आतल्या खोलीत नेलंय, तिथं उजेड कमी आहे पण संडास चार पावलांवर. सांगली ते मिरज रस्त्यावर गरज पडली तर कुठं थांबायचं ते मला पाठ आहे. एका पेट्रोल पंपावरचे काका गाडी वळताना दिसली की किल्ली काढून ठेवतात.

पुढची तारीख ९ मार्च. रक्त, पोटाचे डॉक्टर आणि फुंकायची तपासणी, तिन्ही एकाच दिवशी मागून घेतली आहेत. सकाळी पंप घ्यायचा नाही, असं वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं लिहून ठेवलंय.